दीर्घभूल

"पाणी मीच ओतलं होतं," अण्णा म्हणाले. "आणि नाव तुझं सांगितलं. माझी भूल झाली, त्रिशला. ती चटणी दे जरा."

मी शेंगदाण्याच्या चटणीची वाटी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत दही कालवलं आणि खाऊ लागले. जानेवारीतला मंगळवार होता. हे एक वाक्य ऐकायला मी एकोणतीस वर्षं वाट बघितली होती, आणि ते आलं तेव्हा मला काहीही वाटलं नाही. सवयीने ताटाकडे बघत राहिले. मग हॉस्पिटलला उशीर होतोय म्हणून उठले.

मी भूलतज्ज्ञ आहे. मिरजेत लोकांना भूल देते. आपल्या भाषेची गंमत अशी की चुकीलाही भूलच म्हणतात. त्यामुळे 'डॉक्टरांकडून भूल झाली' हा विनोद मी आजवर निदान दोनशेदा ऐकला असेल. सांगणाऱ्याला तो दर वेळी आपल्यालाच सुचला असं वाटतं.

पाण्याची गोष्ट अशी. जयसिंगपुरात आमचा साबणाचा छोटा कारखाना होता. कपड्यांच्या पिवळ्या वड्या. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, तीन कामगार, आई आणि अण्णा. साबणाला कॉस्टिक सोडा लागतो, आणि त्याचा एकच नियम आहे, जो मला बाराखडीच्या आधी पाठ होता: पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. ओतलं तर ते क्षणात उकळतं आणि उसळून वर येतं. मी अकरा वर्षांची असताना एका दुपारी कुणीतरी घाईत कॉस्टिकच्या टोपावर बादलीभर पाणी ओतलं. आई टोपावर वाकलेली होती. तिचे दोन्ही डोळे गेले.

बादली मी आणली होती, एवढं खरं. ती टोपाशेजारी ठेवून मी दाराकडे वळले होते. पण दवाखान्यात अण्णांनी सांगितलं, "पोरीनं ओतलं. लहान आहे, तिला काय कळतंय." लहान असल्यामुळे मला कुणी मारलं नाही, कुणी रागावलंही नाही. सगळ्यांनी फक्त माफ केलं. माझी आत्या, रत्नाआत्या, मला इतक्यांदा आणि इतक्या लोकांसमोर माफ करायची की पुढे पुढे मलाच वाटू लागलं, ओतलं असेल आपणच. बघायला आलेल्या पाहुण्यांना ती आधीच सांगून टाकायची, "पोरगी गुणाची आहे, पण तिच्या हातनं आईचे डोळे गेले." माझं लग्न झालं नाही याचं हेच एक कारण नव्हे. मलाही फारशी हौस नव्हती.

आईने या जगात शेवटचं काय पाहिलं, ते तिने कधीच सांगितलं नाही. ना माझी बाजू घेतली, ना अण्णांची. सहा वर्षांपूर्वी ती गेली.

आम्ही जैन. दशलक्षण पर्व संपलं की आमच्यात क्षमावणीचा दिवस असतो. सगळे एकमेकांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतात, कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा म्हणतात. अण्णाही दरवर्षी माझ्यासमोर हात जोडायचे. नजर माझ्या कपाळाच्या जरा वर, आणि शब्द तेच जे ते दुधवाल्याला म्हणत. मीही हात जोडायचे. अशा अठ्ठावीस क्षमा माझ्याकडे जमल्या होत्या आणि त्यातली एकही उत्तम नव्हती.

आता औषधाचं सांगायला हवं, कारण मंगळवारचं ते वाक्य अण्णा बोलले की औषध बोललं, हाच सगळा प्रश्न आहे.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना नागीण झाली. डाव्या बाजूला, पाठीपासून छातीपर्यंत. पुरळ महिन्यात गेलं, पण आग राहिली. नसाच बिघडल्या होत्या. सदऱ्याचं कापड घासलं तरी ते ओरडत. बहात्तर वर्षांचा माणूस उघड्या अंगाने घरभर फिरे, पंख्याचा वाराही सोसत नसे. मी मला येत होतं ते सगळं करून पाहिलं. शेवटी गेल्या सप्टेंबरमध्ये, क्षमावणीच्या दुसऱ्या दिवशी, मी त्यांना दीर्घभूल दिली.

दीर्घभूल समजायला साबण येत असला की पुरे. साबणाच्या कणाला एक डोकं आणि एक शेपूट असतं. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. अण्णा म्हणायचे, "साबण म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा, पण उपाशी राहत नाही बघ." आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवतीचं आवरण अशाच कणांचं असतं. फरक एवढाच की त्यांना डोकं एक आणि शेपट्या दोन. त्यामुळे ते साबणासारखे गोळा होत नाहीत, शेजारी शेजारी उभे राहून पापुद्रा करतात. एक पदर वर, एक पदर खाली, डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. हा दुपदरी पापुद्रा कुणाला विणावा लागत नाही. हे कण पाण्यात सोडले की आपोआप जमतो, फाटला तर आपोआप सांधतो. असे वीस हजार पापुद्रे एकावर एक ठेवले तर वहीच्या एका कागदाएवढी जाडी होईल. वेदना म्हणजे तरी काय, नसेच्या पापुद्र्यात बसवलेली बारीक दारं उघडतात आणि मीठपाण्यातले विद्युतभारित कण आत घुसतात. पापुद्रा पातळ, तेलकट, हलता असतो म्हणून ती दारं उघडू शकतात.

माझे सहकारी डॉ. इरफान शिकलगार यांनी एक नवा मेदकण, म्हणजे पापुद्र्यातल्यासारखाच एक कण, घडवला. तो नसेच्या पापुद्र्यात शिरतो आणि दारांभोवतीची जागा घट्ट करतो. दरवाजा पावसाळ्यात फुगून बसावा तशी दारं अडून बसतात. हे कण त्याच जातीच्या पापुद्र्याच्या सूक्ष्म फुग्यांत भरून टोचतात. फुग्यांवर अशी खूण असते की ते फक्त वेदनेच्या नसांना जाऊन चिकटतात आणि त्यांच्यात मिसळून जातात. नस आपला पापुद्रा हळूहळू बदलते, म्हणून असर सहा महिने टिकतो. इंजेक्शननंतर वीस मिनिटांनी अण्णांनी सदरा घातला, वरची गुंडीसुद्धा लावली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्यानंतर कित्येक महिने मी रडले नाही.

कारण पुढे हळूहळू वेगळंच दिसू लागलं. औषध येऊन तीन वर्षं झाली होती आणि देशात काही लाख लोकांनी दीर्घभूल घेतली होती. ते कण टोचल्या जागी थांबत नव्हते. पापुद्र्यातून घसरत घसरत नसेच्या मुळापर्यंत आणि तिथून थोडे वर, मेंदूत जात होते. वर शरीराची आग आणि मनाची आग शेजारी शेजारीच राहतात. आमच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये मग एक प्रश्न वाढला: 'मनाला काही लागतं का?' अण्णांनी त्यापुढे 'नाही' लिहिलं. बहुतेक सगळेच 'नाही' लिहीत. ही माणसं हसत, जेवत, व्यवहार नीट सांभाळत, पण टोमणा मारला तर त्यांना तो नुसता ऐकू येई. जुन्या लफड्यांची कबुली अशी देत, जशी आपण कालची भाजी सांगतो. एका न्यायालयाने तर ठरवून टाकलं, दीर्घभुलीखाली दिलेला कबुलीजबाब ग्राह्य नाही.

त्या मंगळवारी दुपारी मी शिकलगारांच्या प्रयोगशाळेत गेले. ते नव्या औषधाच्या चाचणीसाठी पापुद्रा तयार करत होते. मीठपाण्यात बुडालेल्या भिंतीला टाचणीच्या डोक्याएवढं भोक, आणि त्यावर ते बारीक कुंचल्याने मेदाचं द्रावण फासत होते. भिंगातून बघितलं तर भोकात साबणाच्या फुग्यावरचे रंग फिरत होते. मग एक काळा ठिपका आला, पसरला, आणि सगळे रंग गेले.

"काळा झाला म्हणजे जमला," ते म्हणाले. "आता दोनच पदर उरलेत. इतका पातळ की उजेडाला परत फिरायला काही सापडत नाही."

"अण्णांनी आज कबूल केलं," मी म्हणाले. "पाण्याचं."

त्यांना ती हकिकत ठाऊक होती. त्यांनी कुंचला खाली ठेवला. "आणि तुम्हाला काय वाटलं?"

"काही नाही. ते खरं बोलले का, एवढंच सांगा."

"खरं तर बोललेच असणार. औषध खोटं सुचवत नाही हो. बोलताना जे भाजतं, तेवढं काढून घेतं." त्यांनी भिंगाकडे बोट केलं. "हे कण बघा. आपल्याच पदरात एका सेकंदात लाखो वेळा शेजारी बदलतात. पण या पदरातून त्या पदरात उलटायला एकेकाला दिवस लागतात, कारण डोकं तेलातून ओढून न्यावं लागतं. तिथंच सगळी किंमत आहे. अण्णांना आपण ती किंमत माफ करून दिली."

"मग फुकटची माफी."

"मी पापुद्रे करतो, मॅडम. माफीचं तुम्ही बघा."

फेब्रुवारीत रत्नाआत्या इचलकरंजीहून आली. मी मुद्दाम अण्णांना तिच्यासमोर विचारलं, "अण्णा, त्या दिवशी पाणी कुणी ओतलं?"

"मी," अण्णा म्हणाले. "हिचं नाव पुढं केलं. रत्ना, तू चहात साखर घेतेस का अजून?"

आत्याने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसली. "औषधाचं बोलणं आहे हे. टीव्हीवर सांगतात की. परवा आमच्या गल्लीतला एक जण म्हणाला, मी शेजाऱ्याचा बैल चोरला होता. शेजाऱ्याकडं बैलच नव्हता!" तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुला बरं वाटावं म्हणून बोलतोय गं तो. बाप आहे शेवटी. तू लहान होतीस, तुला कुणी काही म्हणतंय का?"

म्हणजे मला पुन्हा एकदा माफी मिळाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर स्वतः उभा राहून सांगत होता आणि त्यालाही कुणी ऐकत नव्हतं. मला राग यायला हवा होता. मी कप विसळले.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनच्या दोन केसेसच्या मधे मी ठरवलं. अण्णांना हे एकदा शुद्धीत बोलायला लावायचं. म्हणजे औषधाविना. भाजत असताना.

पुढचा डोस तेरा मार्चला होता. कुपी मी आधीच घरी आणून ठेवली होती. ती बर्फात ठेवून चालत नाही, गोठलं की फुगे फुटतात आणि औषध वाया जातं. म्हणून फ्रिजच्या मधल्या खणात, दह्याच्या भांड्याच्या मागे ठेवली होती. तेरा तारखेला अण्णा बाही वर करून बसले.

"औषध आलं नाही, अण्णा," मी म्हणाले. "पुण्याहून साठा यायचाय. आठ-दहा दिवस लागतील."

"असू दे की," अण्णा म्हणाले आणि बाही खाली केली.

मी आयुष्यात रुग्णाशी पहिल्यांदा खोटं बोलले. बोलताना काही वाटलं नाही, हे मी नोंदवून ठेवते.

चौथ्या दिवशी त्यांनी वरची गुंडी काढली. पाचव्या दिवशी सदरा काढला. सहाव्या दिवसापासून पंखा बंद. मार्चचा उन्हाळा, घामाचा थेंब डाव्या बगलेखालून ओघळला की ते खुर्चीचे हात धरून ठेवत. आणि त्याबरोबर दुसरंही परत येत होतं. ते माझ्या डोळ्यांत बघेनासे झाले. आईचा फोटो असलेल्या भिंतीकडे पाठ करून बसू लागले. मी खोलीत गेले की पेपर तोंडासमोर धरत, कधी उलटाही. मी रोज नाडी बघायचे, रक्तदाब लिहून ठेवायचे. वेदना दहापैकी किती, हेही विचारायचे.

"आठ," ते म्हणत. दुसऱ्या दिवशी, "नऊ."

मी ते आकडे वहीत लिहिले. अक्षर चांगलं आलं होतं.

नवव्या दिवशी मी दुपारी सुट्टी घेऊन घरी आले. अण्णा मागच्या खोलीत उघड्या अंगाने खुर्चीच्या कडेवर बसले होते, डावा हात अंगापासून लांब धरून. ओठ कोरडे होते. मी समोर स्टूल घेऊन बसले.

"अण्णा, त्या दिवशी पाणी कुणी ओतलं?"

त्यांनी मान खाली घातली.

"भूल," ते म्हणाले.

"काय?"

"भूल, त्रिशला." मग डोळे मिटून, जेमतेम ऐकू येईल असं, "भूल."

मी ताडकन उठले नाही. तशीच बसून होते. त्यांनी चूक म्हटली की इंजेक्शन मागितलं? 'झाली' म्हणायचं राहिलं होतं की 'दे' म्हणायचं? त्या शब्दावर माझं पोट चालतं, आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता. एकोणतीस वर्षं वाट बघून माझ्या हातात अर्धं वाक्य आलं होतं. पुन्हा विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, तेव्हा त्यांच्या बरगडीवरून घामाचा एक थेंब खाली येताना दिसला. तो कुठे पोहोचणार ते मला माहीत होतं. मी उठले, फ्रिज उघडला, दह्याचं भांडं बाजूला केलं आणि कुपी काढली.

वीस मिनिटांनी त्यांनी सदरा मागितला.

एप्रिल उजाडला. अण्णा पुन्हा पंख्याखाली बसू लागले, आत्याला फोन करू लागले. मनाला काही लागतं का? नाही. मला एक गोष्ट कळत होती की आता मी विचारलं तर ते सरळ सांगतील. त्या दुपारी भूल म्हणालात ती कुठली, अण्णा? खोटं बोलायला लाज लागते, आणि ती त्यांच्याकडे उरली नव्हती. पण विचारायच्या आधी मला माझं सांगायला हवं होतं. साठा संपला नव्हता. औषध घरातच होतं. तुम्हाला नऊ दिवस मी जाळलं.

मी कुठलंही औषध घेतलेलं नव्हतं. रोज सकाळी मी ताटावर बसायचे आणि ठरवायचे, आज सांगायचं. वाक्य पाठ होतं. रुग्णांच्या नातेवाइकांना मी याहून वाईट बातम्या न अडखळता दिल्या आहेत. पण इथे ते वाक्य गळ्याशी यायचं आणि तिथेच पेट घ्यायचं. अकरा दिवस मी त्यांना भाकरी वाढली आणि अकरा दिवस गप्प राहिले. मला तेव्हा पहिल्यांदा समजलं, अण्णांनी एकोणतीस वर्षं कशी काढली असतील. माफ करण्याइतकं नाही, पण समजलं.

बाराव्या दिवशी मी म्हणाले, "अण्णा, एक सांगायचंय."

"सांग की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजर शांत होती, थेट डोळ्यांत.

"ते मार्चमध्ये..." मी म्हणाले. आणि मग माझ्या तोंडून आलं, "चटणी वाढू का?"

"वाढ." त्यांनी ताट पुढे केलं. "मार्चमधलं म्हणजे ते औषधाचं व्हय? फ्रिजमध्ये होतं की ते. दह्यामागं. मी दुसऱ्याच दिवशी बघितलं, दही घेताना."

माझ्या हातातला चमचा वाटीतच राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"कुपीवर माझंच नाव लिहिलेलं. मला वाचता येत नाही काय?"

"मग मागितलं का नाही? अण्णा, नऊ दिवस! नऊवर गेली होती वेदना!"

"जळत तर होतंच गं." त्यांनी जरा विचार केला, जसा माणूस जुना पत्ता आठवून सांगतो. "पण वाटायचं, असू दे. पोरीचं आपल्याकडं येणं आहे, घेऊ दे तिला. पाणी आपणच ओतलंय. शेवटच्या दिवशी मात्र नाही सोसलं. मागितलं मग."

एवढं सांगून ते जेवू लागले. त्यांना ते सांगताना काहीच झालं नव्हतं, आणि तरी मार्चमधले ते नऊ दिवस कुठल्याही औषधाविना, उघड्या अंगाने, फ्रिजपासून दहा पावलांवर ते बसून राहिले होते. कपाळाच्या वर बघून म्हटलेल्या अठ्ठावीस क्षमा मी मोजल्या होत्या. ही एकोणतिसावी माझ्यासमोर नऊ दिवस चालू होती आणि मी रक्तदाब लिहीत बसले होते.

मी खाली बघून भाकरी तोडली. चटणी लावली. घास तोंडात घातला आणि तो गिळता येईना. पाणी आलं, आधी एका डोळ्यातून, मग दोन्ही डोळ्यांतून, आणि ते थांबेचना. अण्णा चावता चावता थांबले. निरखून बघू लागले, आणि त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"काय झालं? तिखट लागलं काय?"

"हो अण्णा," मी म्हणाले. "लागलं."